साहेबांची फेअर कॉपी

माझ्या हाताखालून आजवर शे-दोनशे माणसं तरी मेली असतील. कुणी गोळी लागून, कुणी विषानं, बरीचशी कड्यावरून ढकलली जाऊन, आणि एक जण तर खजुराच्या गोदामात पोत्यांखाली चिरडून. खून मी केले नाहीत, नुसते टाइप केले. करणारे आमचे साहेब. इंग्रजीत हेरांच्या, खुनांच्या, पाठलागाच्या कादंबऱ्या लिहिणारा माणूस. उभ्या आयुष्यात इतक्या लिहिल्या, की आकडा विचारला तर ते स्वतः कपाटाकडे बोट दाखवून म्हणत, “मोजा तुम्हीच.”

साहेबांचं नाव सांगत नाही. पुस्तकांवर तीन वेगवेगळी नावं छापलेली असतात आणि तिन्ही खोटी आहेत. खऱ्या नावानं त्यांना ओळखणारे मस्कतमध्ये चौघेच होते. घरमालक अर्बाब, औषधांच्या दुकानातला मल्याळी, स्वयंपाक आणि गाडी दोन्ही सांभाळणारे दापोलीकडचे इब्राहिमभाई, आणि त्यांचा टायपिस्ट, म्हणजे मी.

मी नागपूरचा मेश्राम. तिथल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये आमचे एक सर होते. ते शिकवायचे कमी आणि बजावायचे जास्त. “साहेबाची चूक दाराबाहेर गेली, की ती टायपिस्टची चूक.” हे वाक्य मी डोक्यात घेऊन ओमानला आलो आणि मस्कतच्या रुवी भागातल्या एका बांधकाम कंपनीत जन्म काढला. एकदा आमच्या मॅनेजरनं रागाच्या भरात ‘तुमच्या इंजिनिअरला अक्कल नाही’ असं पत्र मला सांगितलं. मी ‘आपल्या इंजिनिअरांशी पुन्हा एकवार चर्चा व्हावी’ असं टाइप करून सहीला ठेवलं. त्यानं न वाचता सही ठोकली. पुढे चर्चा झाली, काम टिकलं, आणि मॅनेजर आपल्या मुत्सद्दीपणाचे किस्से सांगत फिरला. मी गप्प. साहेबाला कळूही न देता त्याची चूक पोटात घालायची, यात आमच्या धंद्याची इभ्रत. असं मला तेव्हा अगदी मनापासून वाटायचं.

साठी झाली, कंपनीनं घड्याळ दिलं. बॅगा भरत असताना जुन्या मॅनेजरचा फोन आला. एका इंग्रज लेखकाला टायपिस्ट हवा आहे, मस्कतमध्येच बौशर भागात राहतो, तऱ्हेवाईक आहे. मी गेलो. डोंगराच्या पायथ्याशी घर, वर मोठी गच्ची. साहेब तेव्हा सत्तरीच्या पुढे, उंच, हाडकुळे, पायात कायम त्याच चपला. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

“तुम्ही रहस्यकथा वाचता?”

“नाही सर.”

“उत्तम. वाचणाऱ्या टायपिस्टला पुढे काय होणार याची घाई असते. घाईत चुका होतात.”

मला ठेवून घेतलं. व्हिसा अर्बाबच्या कंपनीवर लागला. साहेब मला शेवटपर्यंत ‘मिस्टर मेश्राम’ म्हणत राहिले. इंग्रजीत तू आणि तुम्ही हा घोळ नसतो, पण त्यांच्या तोंडी मी इथे ‘तुम्ही’च घालतो आहे. त्यांचा सूर तसा होता.

आता आमचं काम कसं चालायचं ते सांगतो, कारण लेखक म्हणजे खिडकीशी बसून पेन चावणारा माणूस अशी बऱ्याच जणांची समजूत असते. आमच्या साहेबांनी कित्येक वर्षांत पेन धरलं नव्हतं. ते बोलायचे. सकाळी उजाडलं की हातात छोटा रेकॉर्डर घेऊन गच्चीवर फेऱ्या मारायच्या आणि कादंबरी सांगायची. सांगताना विरामचिन्हंसुद्धा सांगायची. “त्यानं पिस्तूल काढलं, कॉमा, पण उशीर झाला होता, फुलस्टॉप, नवा परिच्छेद.” खाली रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांना वाटत असणार, म्हातारा नमाज सोडून हे काय पुटपुटतोय. मी शहराच्या टोकाला, माबेलात खोली घेऊन राहत होतो, तिथून दोन गाड्या बदलून नऊला पोचायचो. कानाला हेडफोन, पायाशी शिलाई मशीनसारखं पेडल. पेडल दाबलं की साहेबांचा आवाज चालू, सोडलं की बंद. दुपारपर्यंत सकाळचं सगळं टाइप, मग छापून त्यांच्या टेबलावर. ते हिरव्या शाईनं खुणा करत, मी दुरुस्त्या घालून फेअर कॉपी काढी. ती जायची विलायतेला, प्रकाशकाकडे.

दुसरं काम होतं रजिस्टरचं. मी त्याला ‘मयतांचं रजिस्टर’ म्हणायचो. साहेबांचा नायक टॅलक नावाचा एक माजी खलाशी. तो तीस-बत्तीस कादंबऱ्यांत होता. त्याच्या आजूबाजूला कोण जन्मलं, कोण मेलं, कसं मेलं, कुणाचे डोळे निळे, कुणाचा डावा कान अर्धा, हे सगळं मी वहीत नोंदून ठेवत असे. कारण वाचक मोठे खडूस. एक म्हातारा डच कप्तान तर बोटीनं मत्राह बंदरात उतरून थेट घरी आला. टॅलकनं ज्या खडकावरून एकाला समुद्रात लोटलं तो खडक त्याला बघायचा होता. तसा खडकच नव्हता, साहेबांनी गच्चीत फिरता फिरता तो रचला होता. पण साहेब माझ्याकडे वळून गंभीरपणे म्हणाले, “मिस्टर मेश्राम, यांना खडक दाखवा.” मी आणि इब्राहिमभाईंनी गाडी काढली आणि बऱ्यापैकी उंच असा एक खडक बघून तो दाखवला. कप्तानानं टोपी काढून दोन मिनिटं मौन पाळलं. परत येताना इब्राहिमभाई म्हणाले, “मेश्रामबाबू, आपन दोघं दोजखमदी जानार.”

इब्राहिमभाईंना इंग्रजी वाचता येत नसे. पण जेवणाच्या वेळी स्वयंपाकघरात मी त्यांना त्या दिवशीचा मजकूर मराठीत सांगायचो. आमच्या साहेबांच्या कादंबऱ्यांचं मराठी भाषांतर झालेलं नाही असं म्हणतात. झालंय. फक्त ते बौशरच्या एका स्वयंपाकघरात झालं आणि त्याला वाचक एकच होता. हा वाचक मात्र कप्तानाहून पक्का. कुठला खून झाला तेव्हा आपण कोणता मासा तळत होतो, हे त्यांच्या ध्यानात असे.

एवढं सगळं असून ते घर एकटं होतं. आम्ही तिघंही एकटेच होतो, तीन खोल्यांत तीन. साहेबांची बायको जीन कधीच वारलेली, मुलगी क्लेअर विलायतेत, महिन्यातून एखादा फोन. इब्राहिमभाईंचं बिऱ्हाड दापोलीला. माझी कुंदा नागपूरला, मुलगा पुण्याला. शुक्रवारी माबेलातल्या खोलीत मी दोन चपात्या लाटायचो आणि सकाळपासून कुणाशीच बोललो नाही हे संध्याकाळी कुंदाचा फोन आल्यावर, घसा खाकरावा लागला म्हणजे कळायचं. तिचं पहिलं वाक्य ठरलेलं, “काय जेवले जी?” मग बोलायला फार काही नसायचं. शनिवारी काम नसे, तरी मी बौशरला जायचो. साहेबही काही म्हणत नसत. गच्चीवर दुसरी खुर्ची आधीच मांडलेली असायची.

अशाच एका शनिवारी ते म्हणाले, “मिस्टर मेश्राम, मला एकच गोष्ट हवी आहे. मला इथेच मरू द्यावं. क्लेअर चांगली आहे. पण तिच्याकडे गेलो की ती मला एका गरम खोलीत ठेवील, खिडकीतून गवत दिसेल आणि सगळे माझ्याशी मोठ्यानं बोलतील. तिकडे माझं कुणी नाही. फक्त वाचक आहेत.” दूर दक्षिणेला, सलालाहला त्यांच्या एका जुन्या ओमानी मित्राची नारळाची बाग होती. बागेतलं छोटं घर त्यानं साहेबांसाठी राखून ठेवलं होतं. हातपाय थकले की तिथे जायचं, एक नर्स ठेवायची, असा त्यांचा बेत होता. “कागदपत्रं करून ठेवली पाहिजेत,” ते म्हणायचे. मग नवी कादंबरी सुरू व्हायची आणि कागद राहून जायचे.

पहिली चूक आली ती एका मंगळवारी. पेडल दाबलं आणि कानात साहेबांचा आवाज आला, “दार उघडून डनिंग आत आला.” मी पेडल सोडलं. डनिंग हा टॅलकचा मित्र, तो चार पुस्तकांपूर्वी लिस्बनच्या बंदरात बुडाला होता. रजिस्टर काढून पाहिलं. बुडालाच होता, प्रेतसुद्धा सापडलं होतं. पुढची पंधरा मिनिटं डनिंग मजेत खुर्चीवर बसून व्हिस्की पीत होता.

म्हटलं, होतं असं. वय झालं. मी डनिंगच्या जागी ‘डनिंगचा धाकटा भाऊ’ असं टाकलं, दोन वाक्यं इकडची तिकडे केली, एक नवीन घातलं. साहेबांनी पान वाचलं, खूण न करता पुढे सारलं. दुपारी स्वयंपाकघरात सांगितलं, तर इब्राहिमभाईंचा झारा हवेतच थांबला.

“डनिंगचा भाव? ह्यो कुठनं आला? डनिंग मेला त्या दिवशी मी सुरमई तलत होतो. तवा टॅलक बोललान, ह्येच्या मागं रडनारा कोन नाय.”

ते वाक्य मी विसरलो होतो. धावत जाऊन भावाचा चुलतभाऊ केला.

त्यानंतर सुरूच झालं. एकच प्रसंग दोनदा यायचा. बाईचं नाव पानागणिक बदलायचं. टॅलक कैरोला विमानात बसायचा आणि उतरायचा अथेन्सला. मी सगळं निस्तरत गेलो. आधी शब्द, मग वाक्यं, मग पानंच्या पानं. सुरुवातीला रात्रंदिवस धास्ती होती, की साहेब विचारतील, हे मी कधी म्हटलं? त्यांनी विचारलं नाही. पुढे तर हिरव्या खुणाच कमी झाल्या. वाचता वाचता मान हलवायचे, “ठीक जमलंय.”

आणि खरं सांगायचं, तर मला ते आवडायला लागलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांचं टाइप केलेलं, आता टॅलक माझ्या म्हणण्यानुसार जिना उतरत होता. त्या कादंबरीवर विलायतेहून संपादकाचं पत्र आलं. कित्येक वर्षांत इतकी घट्ट बांधलेली गोष्ट तुम्ही दिली नव्हती, असं त्यात होतं. साहेबांनी पत्र फायलीला लावायला दिलं. मी त्याची झेरॉक्स काढून माबेलाला नेली आणि दोनदा वाचली. फोनवर कुंदाला सांगितलं. ती पेपरच्या पुरवणीतलं शब्दकोडं सोडवत होती बहुतेक.

“मंग तुमचं नाव कुठी आहे त्याच्यावर?”

“नावाचं काय घेऊन बसलीस?”

“नाव नाही त नाही. पण त्या बुढ्याचं डोकं चालत नाही, हे त्याच्या पोरीला सांगाल का नाही? काऊन लपवता जी?”

मी म्हटलं, सांगतो. सांगितलं नाही. त्यानंतर आख्खी दुसरी कादंबरी तशीच निस्तरून दिली. सांगितलं असतं तर क्लेअर आली असती, साहेबांना घेऊन गेली असती, आणि साहेबांना जी एक गोष्ट नको होती तीच माझ्या हातून झाली असती. असं मी स्वतःला समजावत होतो. व्हिसाही जाईल, हेही डोक्यात होतं, खोटं कशाला बोलू. पण सगळ्यात जास्त मला ती गच्चीवरची दुसरी खुर्ची सोडवत नव्हती.

दरवर्षी पावसाळी हवेच्या दिवसांत आम्ही तिघं महिनाभर सलालाहच्या त्या बागेतल्या घरी जायचो. त्या महिन्यांत तिथले डोंगर हिरवे होतात, बारीक थेंब पडत राहतात आणि धुकं इतकं उतरतं, की दहा पावलांवरचा उंट दिसत नाही. साहेब फार खूश असत. त्या वर्षी एका दुपारी चहा झाल्यावर रेकॉर्डर घेऊन ते एकटेच बाहेर पडले. “काम करून येतो,” म्हणाले. पाच वाजले, आले नाहीत. साडेपाचला मी आणि इब्राहिमभाई गाडी घेऊन निघालो. दिवे लावूनही रस्ता दिसत नव्हता. इब्राहिमभाई काच खाली करून “साब! साब!” अशा हाका मारत होते आणि मधेच मला म्हणत होते, “तुमाला बोललो होतो मी. बोललो होतो ना?” हो, बोलले होते, एकदा नाही, चारदा. साहेबांनी दोनदा नाश्ता मागितला तेव्हा बोलले होते, गाडीची किल्ली फ्रिजमध्ये सापडली तेव्हाही बोलले होते.

टेकडीपलीकडे एका उंटवाल्या बाबाच्या पिकअपमध्ये साहेब सापडले. त्यानं त्यांना आपली शाल पांघरली होती आणि हातात कहवा, म्हणजे तिकडची कॉफी, दिली होती. “तुमचा शेख मघापासून फोनशी बोलतोय,” तो म्हणाला, “पण पलीकडून कुणी उत्तर देत नाही.”

साहेब आम्हाला बघून म्हणाले, “काम झालं आजचं.” चपला चिखलानं भरल्या होत्या आणि गुडघा फुटला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखा रेकॉर्डर माझ्या टेबलावर होता. मी हेडफोन लावून पेडल दाबलं.

“टॅलक थांबला, फुलस्टॉप. धुक्यात पुढचं काही दिसेना, फुलस्टॉप. नवा परिच्छेद. घर डावीकडे असायला हवं होतं, फुलस्टॉप. डावीकडे घर नाही, फुलस्टॉप.” मग बराच वेळ नुसता श्वास. “त्याला आठवेना, कॉमा, तो कुणाच्या मागावर होता, फुलस्टॉप. कुणीतरी येईलच, फुलस्टॉप. माझ्या हातात हे काय आहे, प्रश्नचिन्ह. जीन, कॉमा, दार उघड, फुलस्टॉप.”

असं तास-सव्वा तास.

सवयीनं माझी बोटं कामाला लागली होती. टॅलक धुक्यात वाट चुकतो, ठीक. ‘माझ्या’चं ‘त्याच्या’ केलं. जीन काढली, तिथे एक दगडी भिंत घातली. परिच्छेद छान जमला होता. आणि तो छान जमला म्हणूनच माझ्या अंगावर काटा आला. एक माणूस धुक्यात मदतीसाठी हाका मारत होता आणि मी त्या हाकांची भाषा सुधारत बसलो होतो. मी हेडफोन काढला, बाहेर जाऊन व्हरांड्यात उभा राहिलो आणि रडलो. इब्राहिमभाईंनी पाहिलं आणि चहा ठेवून गेले.

मग आत आलो आणि लिहिलेलं सगळं पुसलं. नोकरीत पहिल्यांदाच जसंच्या तसं टाइप केलं. जीन, दार, प्रश्नचिन्ह, सगळं. अकरा पानं झाली. ती साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि एरवी मी निघून जायचो, त्या दिवशी समोर उभा राहिलो.

साहेबांनी सावकाश वाचलं. हिरवं पेन उघडलं होतं, ते तिसऱ्या पानावर बंद केलं.

“हे मी म्हटलं?”

“हो सर.”

“यातलं टॅलकचं कोणतं आणि माझं कोणतं?”

“मला कळलं नाही. म्हणून सगळंच टाइप केलं.”

“याआधी कळत होतं?”

“याआधी मी ठरवत होतो, सर.”

ते माझ्याकडे बघत राहिले. त्या क्षणी त्यांचं डोकं लख्ख होतं, तेच फार जड गेलं.

“किती दिवस?”

“दोन पुस्तकं.”

“ते चांगलं पत्र आलं होतं, ते पुस्तक?”

“हो सर.”

“पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत?”

“भीती वाटली.”

“व्हिसाची?”

“त्याचीही. पण जास्त, तुम्ही जाल याची.”

साहेबांनी पानं जुळवली, कडा टेबलावर आपटून सारख्या केल्या. “क्लेअरला फोन लावा,” ते म्हणाले.

ती तीन दिवसांत आली. पन्नाशीची, दमलेली, भली बाई. मस्कतमध्ये डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, आजाराचं नाव कळलं. साहेबांनी मला बोलावून एक पत्र सांगितलं. आपल्याला ओमानमध्येच, सलालाहच्या बागेतल्या घरात राहू द्यावं, नर्स ठेवावी, इकडेच माती द्यावी. एकाही शब्दाला अडखळले नाहीत. मी जसंच्या तसं टाइप केलं, त्यांनी सही केली. क्लेअरनं ते वकिलाला दाखवलं. वकील घरी आला. डॉक्टरांचा कागद एका हातात, आमचं पत्र दुसऱ्या हातात. त्यानं फार हळुवारपणे सांगितलं, की या सहीवर आता विसंबता येणार नाही. कायद्यानं ती धरता येणार नाही. वर्ष-दीड वर्षापूर्वीची असती, तर प्रश्नच नव्हता.

“तेव्हा कुणाच्याच काही लक्षात आलं नाही?” त्यानं विचारलं.

“कसं येणार?” क्लेअर म्हणाली. “मी त्यांची शेवटची दोन्ही पुस्तकं वाचली. इतकी नीट होती. मला वाटलं, बाबा तर पूर्वीपेक्षा बरे आहेत.”

साहेब समोरच बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एक शब्द त्यांनी उच्चारला असता, तर माझं तोंड काळं झालं असतं. वकील गेल्यावर ते उठून गच्चीवर गेले आणि रेकॉर्डर न घेता फेऱ्या मारत राहिले.

क्लेअर साहेबांना विलायतेला घेऊन निघाली, तेव्हा विमानतळावर मी तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मला एक फोन करायचा होतात, मिस्टर मेश्राम. मी लगेच नेलं नसतं. ठरवायला त्यांना वेळ मिळाला असता.” हे ती रागावून म्हणाली असती तर बरं झालं असतं. साहेब व्हीलचेअरवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत होते. इब्राहिमभाईंनी वाकून त्यांच्या चपलांचे पट्टे नीट केले. “यल्ला साब, फी अमानिल्लाह,” म्हणजे अल्लाच्या हवाली, एवढंच म्हणाले आणि गाडीकडे चालू लागले.

घर अर्बाबनं दुसऱ्याला दिलं. इब्राहिमभाई दापोलीला गेले, आता त्यांचा फोन येतो तेव्हा ते नातवंडांच्या गोंगाटात ओरडून बोलतात. मी माबेलातच एका टायपिंग सेंटरमध्ये बसतो. इथे लोक अर्ज घेऊन येतात, व्हिसाचे, पाणी-विजेचे. नाव, वय, पत्ता, पुढचा. “आता कोनासाठी थांबले जी?” कुंदा विचारते, आणि तिचं बरोबर आहे. दिवाळीनंतर जाईन म्हणतो. गेल्या वर्षीही म्हटलं होतं.

क्लेअर अधूनमधून शुक्रवारी व्हिडिओ कॉल लावते. तिनं तो का लावावा, हे मी तिला विचारलेलं नाही. साहेब खिडकीशी बसलेले दिसतात. मागे गवत असतं. मला ते ओळखत नाहीत, पण सभ्य माणूस अनोळख्याशी जसं बोलतो तसं बोलतात. मागच्या खेपेला त्यांनी विचारलं, “आपण काय करता?”

“टायपिस्ट आहे, सर.”

“वा. अवघड काम आहे. चुका होतात?”

“होतात. एक मोठी झाली.”

“मग? तुमच्या साहेबांना सांगितलीत?”

“सांगितली. पण फार उशिरा. त्यांचं त्यात नुकसान झालं.”

साहेबांनी मान तिरकी केली. गच्चीवर पुढचं वाक्य शोधताना करायचे तशीच. मग म्हणाले, “मी असतो तर फार रागावलो असतो.”

“हो सर.”

“पण काढून टाकलं नसतं तुम्हाला.”

मी काहीतरी म्हणणार होतो. पण पलीकडे त्यांच्या जेवणाची वेळ झाली होती आणि क्लेअरनं फोन हातात घेतला होता.